अकरा नंबरची नस

तात्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. ते मानेकडे बघत. तेही समोरून नाही, बाजूने. कानाच्या पाळीपासून खाली खांद्यापर्यंत त्यांची नजर सावकाश उतरत यायची आणि आपल्याला उगाच उघडं पडल्यासारखं वाटायचं. कोऱ्हाळ्यात मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. गावात नव्या माणसाला नाव, गाव, पगार आणि लग्न हे चार प्रश्न चुकत नाहीत. तात्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डावीकडची शीर लई वर हाय तुमची. दाढी करताना जपा."

त्या दिवसापासून मी दाढी करताना घाबरतो. आजही घाबरतो.

नव्वद सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. घर इंदापूरला, नोकरी कोऱ्हाळ्याला, आणि भाड्याची खोली विहारासमोरच्या आळीत, तात्यांच्या भिंतीला भिंत लावून. गावातले लोक मला भाऊसाहेब म्हणत, कारण पाणीअर्ज माझ्या टेबलावर यायचे. आई मला भागूबाई म्हणायची, कारण तिनं मला लहानपणापासून पाहिलं होतं. अशा माणसाला शेजार मिळावा तो तात्यांचा, म्हणजे आधीच मर्कट तशातही मद्य प्याला, त्यातली गत.

तात्यांचं नाव भिकाजी, पण गाव त्यांना 'मानवाले तात्या' म्हणे. पुण्यात एका मेडिकल कॉलेजात ते तीस वर्षं शिपाई होते. साधे शिपाई नव्हेत. जिथं डॉक्टरकीची पोरं मुडदे फाडून शिकतात, त्या हॉलचे शिपाई. मुडदा आला की धुवायचा, औषध भरायचं, टेबलावर ठेवायचा, आणि वर्षअखेर जे काही उरेल ते गोळा करून मानानं स्मशानात पोचवायचं. तीस वर्षांत त्यांनी माणूस आतून-बाहेरून पाहिला. काळीज पाहिलं, यकृत पाहिलं, आतड्यांची वेटोळी पाहिली. पण जीव अडकला तो मानेच्या बाजूत.

"काळीज बरगड्यांच्या पिंजऱ्यात हाय," ते म्हणत. "मेंदूला कवटीची पेटी हाय. आन मान? मान उघड्यावर टाकलीया. वर नुसती कातडी, तीबी चपातीवानी पातळ. समदा मामला हितं हाय, भाऊसायेब, आन माणूस तिच्यावर मफलर गुंडाळून गावभर हिंडतो!"

माझी नोकरी कालव्याची, म्हणून तात्यांनी मला मान कालव्यातच समजावून सांगितली. ओसरीवर बसवून, माझीच मान नकाशासारखी धरून. "ही बगा, कानामागच्या हाडापासनं छातीच्या हाडापत्तूर तिरकी पट्टी येती. मान वळवली की दोरखंडावानी उटती. ह्यो इष्टर्नोमास्तर." पुस्तकात ते नाव बरंच लांब आणि जरा वेगळं आहे हे मला पुढे कळलं. पण तात्यांनी त्याला मास्तर करून टाकलं होतं आणि चांगली शिकली-सवरलेली पोरंही म्हणे परीक्षेत चुकून मास्तर म्हणून जात. "मास्तर म्हंजी बांध. बांधाच्या म्होरल्या अंगाला, खाली खोलात, मोटा कालवा. मेंदूला पाणी चढवनारा. त्याच्या शेजारी माघारी येनारा. आन बांधाच्या मागल्या अंगाला तीन कोनी वावर. वरनं बगावं तर पडीक. कुनालाबी वाटंल, हितं काय न्हाय. पन त्या वावरातनं तिरकी, अगदी वरनं, एक नस जाती. सुतळीयेवडी. मेंदूतनं निगनाऱ्या नसांत तिचा नंबर अकरा."

'अकरा नंबर' म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

"मोटा कालवा फुटला तर गाव गोळा हुतं. अकरा नंबर तुटला तर आवाज न्हाय, फार रगत न्हाय. चार दिसांनी माणूस म्हनतो, आरं, हात का वर जाईना?"

हे ऐकून मी खोलीत यायचो, कडी लावायचो आणि दोन बोटांनी मान चाचपत बसायचो. बोटाखाली काहीतरी टकटक करायचं. ते थांबलं तर, या विचारानं ते आणखी जोरात टकटकायचं.

तात्यांच्या या भीतीनं गावाला मात्र भरपूर करमणूक पुरवली. रस्त्यानं जाताना बांधलेली शेळी दिसली की ते वाकून तिच्या गळ्यातलं दावं सैल करत. दोन शेळ्या त्यामुळं सुटून कुणाच्या तरी घासाच्या वाफ्यात शिरल्या आणि भांडणं झाली. लग्नात नवरा-नवरी हार घालायला लागले की सगळे टाळ्या वाजवत, तात्या डोळे मिटत. एकदा निवडणुकीच्या सभेत उमेदवार असा काही तापला की त्याच्या मानेवरची शीर करंगळीएवढी फुगली. तात्या पाण्याचा तांब्या घेऊन थेट स्टेजवर चढले आणि म्हणाले, "सायेब, बसा. मत देतो, पन बसा." लोक हसून लोळले. उमेदवार बसला. पुढे निवडूनही आला.

पण खरं वैर होतं ते बबनशी. बबनचं सलून स्टँडजवळ. कटिंगनंतर चंपी आणि चंपीनंतर मान मोडणं, ही बबनची ख्याती. एक हात हनुवटीला, एक टाळूला, गिऱ्हाइकाला गोष्टीत गुंतवायचं आणि बेसावध क्षणी हिसका. कट्ट! दुसऱ्या बाजूला, कट्ट! आवाज आल्याशिवाय गिऱ्हाईक खुर्चीवरून उठत नसे. तात्या नेमके बाजारच्या दिवशी तिथल्या बाकावर पेपर उघडून बसत आणि बबननं हनुवटी धरली रे धरली की ओरडत, "सोड! जित्ता मानूस हाय त्यो!"

गिऱ्हाईक दचकायचं, हिसका भलतीकडेच जायचा.

"तात्या," बबन एकदा हात जोडून म्हणाला, "तुमच्या हातनं आजपत्तूर कुनी मेलं न्हाय, कबूल. पन ती समदी आदीच मेल्याली हुती! माजी गिऱ्हाइकं हालत्यात, बोलत्यात, उदारी करत्यात. तुमचं शास्त्र वायलं, माजं वायलं."

सगळं सलून हसलं. मीही हसलो. तात्या पेपरची घडी करून निघून गेले. पुढच्या बाजारी पुन्हा हजर.

त्यांच्या घरी फक्त शेवंताकाकू. मुलगी दौंडला दिलेली. काकू फार बोलत नसत. भिंतीपलीकडून कधी भाकरी, कधी वांग्याचं भरीत माझ्याकडे यायचं, तेही तात्यांच्या हातून. बाईमाणसानं कमी बोलावं असा तात्यांचा नियम असेल, असं मला वाटायचं. मी तेव्हा माणसांबद्दल चटकन मत बनवत असे.

मग तो हरभरा काढणीचा महिना आला. संध्याकाळी मी ओसरीवर बसून तात्यांना बबनचीच काहीतरी गंमत सांगत होतो. सांगता सांगता मी मान वळवली आणि तात्या हसायचे थांबले. 

"उजवीकडं बगा," ते म्हणाले. त्यांनी दोन बोटं माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला टेकवली. इतकी हलकी, की माशी बसावी.

"कवापासनं हाय ही?"

"काय?"

"गाठ."

 मी हात लावून पाहिलं. बोराएवढी, टणक, बोटाखाली सरकणारी. रोज तीच मान चाचपत होतो, पण मी सगळा वेळ पुढची टकटक मोजत बसलो होतो. मागे काय वाढतंय याचा पत्ताच नाही.

तात्यांनी विचारलं, संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलं का, भूक मंदावली का. मी सगळ्याला हो म्हणालो. भित्र्या माणसाला कुठलंही लक्षण विचारा, ते त्याला असतंच. "आन ती हाय कुठं?" मी विचारलं. "म्हणजे... कोणत्या भागात?"

विचारायची गरजच नव्हती. ते मला कळलं होतंच. तीन कोनी वावर.

बाजारतळाजवळच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस गोळ्या दिल्या. गाठ बोराची आवळ्याएवढी झाली. त्या पंधरा दिवसांत मी मनातल्या मनात तीनदा मेलो. ऑफिसात पाणीअर्ज लिहिताना वाटायचं, या पिकाला पाणी मिळेल तेव्हा आपण असू का? इंदापूरहून आई आली. ती कधी रडत नाही, पण गाठीला हात लावून ती उठली आणि चुलीपाशी पाठ करून बसली, तेव्हा मला फार भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. इथंच जरा बधिर करतो, लहानसा चिरा, गाठ बाहेर. दहा मिनिटांचं काम. पुण्याला गेलात तर महिनाभर खेटे घालाल." आईला पटलं. मलाही पटलं. भीती वाटत असली की जवळचा रस्ता फार पटतो.

मी टेबलावर आडवा झालो. मानेला स्पिरिट लावलं गेलं. ते गार गार खाली ओघळत होतं, तेवढ्यात दारात तात्या उभे.

"सायेब, ह्या जागी चिरा देऊ नगा."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. रोज शंभर पेशंट बघून दमलेला होता. "तात्या, तुम्ही कंपाउंडर तरी होता का?"

"न्हाय सायेब. मुडदी धुवत हुतो."

बाहेर बाकावर बसलेली माणसं खो खो हसली. आई पुटपुटली, "मुडद्यांत ऱ्हायल्याला मानूस, ह्याला जित्त्याचं काय कळतंय!" तात्यांनी हात जोडले. "पन धुताना बगत हुतो, सायेब. हितं अकरा नंबर हाय. गाठीला चिकटून असती कदीमदी. पांढरी असती, दोऱ्यावानी. मोट्या दवाखान्यात आदी ती हुडकत्यात, मंग गाठीला हात लावत्यात. हितं उजेड न्हाय, मदतीला मानूस न्हाय."

"मग तुमच्या मुडद्यांचं तुम्ही बघा, माझ्या पेशंटचं मी बघतो," डॉक्टर चिडून म्हणाले.

तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मानेकडे नाही, तोंडाकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचे डोळे भरलेले होते आणि हात अजून जोडलेलेच होते. "भाऊसायेब," ते म्हणाले, "उटा."

मी उठलो. शहाणपणानं नाही, निव्वळ भीतीनं. जो माणूस तीस वर्षं मुडद्यांच्या हॉलमध्ये एकटा बसून डबा खायचा, त्याच्या डोळ्यांत माझ्यापायी पाणी आलंय, हे पाहिल्यावर टेबलावर पडून राहायची माझी छाती झाली नाही. आई रागावली, डॉक्टर रागावले. स्पिरिट पुसत मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी मोरगावमार्गे पुण्याला जाणारी पहिली एसटी. तात्यांनी मला खिडकीशी बसू दिलं नाही. खिडकीत ते बसले, मध्ये मी, माझ्या दुसऱ्या अंगाला आई.  वाटेत आईनं विचारलं, "ह्यास्नी वळखतं का तितं कोन?" तात्या म्हणाले, "बगू."

ओळखत होते. तात्यांच्या कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई तात्यांना पाहून खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. बाहेर पेशंटची रांग, आत चार शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन उभे, आणि बाई एका निवृत्त शिपायासमोर उभ्या. "तात्या, अजून मानेच्याच मागे आहात?" पहिल्या वर्षाला असताना बाईंच्या हातून एका मुडद्याची अकरा नंबर तुटली होती. तात्यांनी त्यांना त्या मुडद्याच्या पाया पडायला लावलं होतं. "मी म्हणाले, अहो, त्याला आता हात वर करायचा नाहीये," बाई आम्हाला सांगू लागल्या. "तर म्हणाले, त्याला न्हाय, फुडच्याला करायचा हाय. त्याची माफी माग."

तात्या हसले नाहीत. माझी मान वळवून त्यांनी गाठ दाखवली. "बाई, आदी ती."

"आधी ती शोधीन, मगच गाठीला हात लावीन. शब्द देते."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. जागेपणीच, फक्त मान बधिर करून. तोंडावर हिरवं फडकं, आणि कानाशी कात्रीचा बारीक आवाज. दुखत नव्हतं, त्यामुळं सगळं लक्ष भीतीकडेच. मी मनात मोठा कालवा, उतरता कालवा, बांध, असा नकाशा मांडत होतो आणि प्रत्येक आवाजाला वाटत होतं, फुटला. किती वेळ गेला कळलं नाही. एकाएकी माझा डावा खांदा आपोआप उडाला. मी हलवला नव्हता. मी किंचाळायच्या बेतात होतो, तेवढ्यात फडक्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "घाबरू नका. सापडली अकरा नंबर. आता हिला बाजूला ठेवून काम करते."

बाहेर आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं विचारलं, "दुखतंय का?" तात्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी गाठ कशी होती, केवढी होती, काहीच विचारलं नाही.

"डावा हात वर करा."

नर्स ओरडली, "अहो आजोबा, टाके ताजे आहेत!"

"हळू करा. पन करा. टाळूवर न्या."

मी हळूहळू हात उचलला. छातीपाशी आला, खांद्यापाशी आला, कानाच्या वर गेला, टाळूवर टेकला. तात्या बघत होते. मग ते वळले, व्हरांड्यातल्या नळाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. परत आले ते म्हणाले, "भूक लागलीया. काय मिळतं का बगू."

गाठ क्षयाची निघाली. बाई म्हणाल्या, गोळ्या नियमानं घेतल्या तर सहा-आठ महिन्यांत खडखडीत. मी निर्धास्त झालो असं नाही, तो माझा स्वभावच नाही. पण भीती आटोक्यात आली. आईनं तर इंदापूरला जाऊन आठ दिवसांत डाळिंबांची पिशवी पाठवली. सोबत निरोप: तात्यांस्नी पहिली दे, आन म्हनावं, मी बोलले ते मनात धरू नगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला लवकर जायचं होतं. जाता जाता पिशवी द्यावी म्हणून तात्यांच्या दारावर थाप मारली. दार नुसतंच लोटलेलं होतं, ते उघडलं.

काकू पाटावर बसल्या होत्या, पाठ दाराकडे. पदर खांद्यावरून उतरलेला. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता, ओघळल्यासारखा. मानेच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक जुना, वेडावाकडा वण. त्यांच्या मागे तात्या गुडघ्यांवर बसून त्यांचे केस विंचरत होते. आमच्याकडे पुरुषानं बायकोचे केस विंचरायचे म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय. मी मागे फिरणार होतो, पण काकूंनी आवाज ऐकला.

"भाऊसायेब का? या. घरचंच हाय."

तात्यांनी वळून पाहिलं नाही. फणी चालू ठेवूनच ते बोलू लागले.

"मी पुन्याला, ही हितं. मानंला गाठ आली हिच्या. हिनं दुसऱ्याकडनं पत्र लिवून घेतलं, गाठ हितंच चिरून घेतली, दोन दिसांत कामाला लागले, काळजी करू नये. मी खुश. पत्र हॉलमदी समद्यांस्नी वाचून दावलं. दिवाळीला आलो तर हिला हात वर करता येईना. येनी घालता येईना. मी बगितलं आन मला कळलं, काय तुटलंय ते."

फणी गुंत्यात अडकली. त्यांनी ती हलकेच सोडवली.

"त्या साली शंभर पोरांस्नी अकरा नंबर दावला असंल मी. घरात एक डाव बोललो न्हाय, भाऊसायेब. मुडद्याच्या गोष्टी घरात नगं, बायकू भेल, आसं वाटायचं. सांगितलं असतं तर ही थांबली असती. आदी मला पत्र धाडलं असतं."

मी दारात पिशवी घेऊन उभा होतो. या माणसाच्या भीतीवर मी दोन वर्षं हसलो होतो, सलूनमध्ये, चारचौघांत. मला माझी फार लाज वाटली.

"ऱ्हाऊ द्या की आता," काकू म्हणाल्या. "जित्ती हाय न्हवं मी? म्होरल्याच महिन्यात मला पुन्याला खोलीवर नेलं तुमी. तवाधरनं एक दिस चुकला न्हाय." मग माझ्याकडे मान किंचित वळवून म्हणाल्या, "तुमचा हात जातो का वर?"

"जातो, काकू."

"मंग बरं झालं."

तात्यांनी केसांना पीळ दिला, अंबाडा घातला, आकडे खोवले. तीस वर्षं बारीक नसा सोडवून दाखवणारा हात, पण अंबाडा काही सुबक नव्हता. काकूंनी डावा हात मागे नेऊन चाचपला.

"कलला जरा."

"परत घालू?"

"ऱ्हाऊ द्या. ह्या वयात मला कोन बगतंय!"

"मी हाय की," तात्या म्हणाले, आणि आकडे काढून त्यांनी केस पुन्हा मोकळे केले.